पाच डबे आणि चढलेला पंचम: व्हॉल्व्हच्या अ‍ॅम्प्लिफायरकडे वळलेल्या एका घराचं प्रकरण

पार्श्वभूमी

कोल्हापूरच्या मंगळवार पेठेतलं जुनं दुमजली घर. मालक बँकेतून निवृत्त झालेले, वय ६८. त्यांना इथं अण्णा म्हणू. ओळख लागू नये म्हणून घरचे एक-दोन तपशील बदललेत. मी ऑडिओ दुरुस्तीचं काम करतो आणि अण्णांचं सामान गेली बारा-पंधरा वर्षं माझ्याच टेबलावर येतं. म्हणजे या प्रकरणात मी बाहेरचा बघ्या नव्हतो. सल्ला मीच दिला, आणि त्यातला काही चुकलाही.

अण्णांनी तरुणपणी गाण्याची तालीम घेतली होती. नोकरीत ती सुटली, कान मात्र शाबूत राहिला. ऐकणं बहुतेक जयपूर-अत्रौली घराण्याचं. कोल्हापुरात यात नवल नाही. या घराण्याचे प्रवर्तक अल्लादिया खाँसाहेब शाहू महाराजांच्या दरबारी गवई होते, आणि देवल क्लब या इथल्या संगीतसंस्थेत ज्याचं येणं-जाणं झालं त्याला केसरबाई, मोगूबाई, मल्लिकार्जुन मन्सूर ही नावं नात्यातली वाटतात.

वरच्या मजल्यावर १२ बाय १४ फुटांची खोली. लाकडी मांडणीवर पाच डबे: प्रीअ‍ॅम्प, पॉवर अ‍ॅम्प, सीडी प्लेयर, डॅक (डिजिटल आवाज विजेच्या सिग्नलमध्ये बदलणारा) आणि ग्राफिक इक्वलायझर (जाड-बारीक आवाज कमीजास्त करणारा). पहिला सिग्नल सांभाळतो, दुसरा स्पीकर चालवतो. शेजारी टर्नटेबल. पॉवर अ‍ॅम्प ट्रान्झिस्टरचा, चॅनेलला १५० वॅट. स्पीकर जमिनीवर उभे राहणारे, चार ओहमचे. हे सगळं एका दमात घेतलेलं नव्हतं. वीस वर्षांत बोनसगणिक एकेक डबा घरात आला, आणि प्रत्येक डब्याबरोबर दोन वायरी वाढल्या.

अडचण

फोन आला तो असा: "तानपुऱ्याचा पंचम चढलाय रे. येऊन बघ."

रेकॉर्डिंगमधला तानपुरा चढेल कसा? मला वाटलं, अण्णांची थट्टा. गेलो. पांढरी एकमधलं, म्हणजे हार्मोनियमच्या पहिल्या पांढऱ्या पट्टीचा षड्ज धरलेलं गाणं लागलं होतं, आणि खरंच, पंचमाच्या तारेखाली काहीतरी हलत होतं. गाणं बंद केलं, आवाज शून्यावर आणला, तरी डाव्या स्पीकरातून बारीक हूं येतच राहिलं. आपली वीज ५० हर्ट्झची. अ‍ॅम्पच्या आत तिची डीसी होताना जी लहर उरते ती १०० हर्ट्झची. पांढरी एकचा मंद्र पंचम ९८ हर्ट्झवर. दोन्ही एकत्र वाजले की सेकंदाला दोन हेलकावे. दुसऱ्या कुणाला नुसती घरघर ऐकू आली असती. अण्णांना चढा पंचम ऐकू आला. इतक्या वर्षांत माझ्याकडं आलेली ही सगळ्यात नेमकी तक्रार.

पॉवर अ‍ॅम्पच्या इनपुटच्या वायरी काढल्या. डाव्या बाजूचं हूं तसंच राहिलं, म्हणजे त्या चॅनेलचे फिल्टर कपॅसिटर, ती लहर गाळणारे भाग, सुकले होते. वायरी परत जोडल्या की त्यावर आणखी एक खरखरीत आवाज चढायचा, तो अर्थ लूपचा, म्हणजे अर्थच्या एकाहून जास्त वाटांमुळं होणाऱ्या फेऱ्याचा. मांडणी पुढं ओढून मागं बघितलं तर डबे दोन वेगवेगळ्या बोर्डांवर लावलेले, आणि पॉवर अ‍ॅम्पच्या प्लगची जाड पिन कुणीतरी करवतीनं कापून टाकलेली. घरघर घालवायचा हा आपल्याकडचा जुना तोडगा. आवाज जातो, पण डब्याच्या पत्र्यात करंट उतरला तर त्याला जायला माणसाखेरीज वाट राहत नाही. त्यात घराचं अर्थिंगच नावापुरतं होतं: न्यूट्रल आणि अर्थमध्ये मीटरनं ११ व्होल्ट दाखवले.

हे सगळं चाललं असताना काकू चहा घेऊन आल्या आणि म्हणाल्या, "बिघडलं कुठंय? लावतच नाहीत हे. फोनवर ऐकत बसतात, कानात घालून."

अण्णा गप्प. मग सांगू लागले. आधी सीडी प्लेयर लावायचा, मग डॅक, मग प्रीअ‍ॅम्प, थोडं थांबून शेवटी पॉवर अ‍ॅम्प. त्याचं बटण खालच्या फळीवर मागच्या बाजूला, तिथवर वाकताना गुडघा बोलतो. क्रम चुकला की स्पीकरात धाडकन आवाज. बंद करताना सगळं उलट. "एक गाणं ऐकायला एवढी पूजा कोण मांडणार?"

म्हणजे एका तक्रारीच्या पोटात तीन निघाल्या. सुकलेले कपॅसिटर, बिनअर्थाची जोडणी, आणि माणसाचं ऐकणंच सुटलेलं. पहिल्या दोन माझ्या हातातल्या होत्या.

कोणते पर्याय समोर होते

पहिला पर्याय मीच मांडला: आहे ते दुरुस्त करायचं. कपॅसिटर बदलायचे, सगळे डबे एका बोर्डावर आणायचे, इक्वलायझर काढून टाकायचा. माझी मजुरी धरून सात हजारांच्या आत. अण्णांनी ऐकून घेतलं आणि म्हणाले, "पूजा तशीच राहणार की."

दुसरा, ट्रान्झिस्टरचाच पण एका डब्यातला, म्हणजे इंटिग्रेटेड अ‍ॅम्प. खरं सांगायचं तर कागदावर हाच सगळ्यात शहाणा पर्याय होता. कमी गरम होणारा, देखभाल नाही, स्पीकर कसलेही असोत. तो मागं का पडला त्याचं कारण तांत्रिक नाही. अण्णांच्या वडिलांकडं व्हॉल्व्हचा, म्हणजे आत तापून उजळणाऱ्या काचेच्या नळ्यांचा मर्फी रेडिओ होता. बटण फिरवल्यावर आत हळूहळू उजेड पडायचा आणि मग आवाज यायचा, हे सांगताना त्यांचा चेहरा बघितला तेव्हाच मी ओळखलं, हे गाडं कुठं चाललंय ते. आठवण हे अ‍ॅम्प निवडण्याचं वाईट कारण आहे असं मी पूर्वी म्हणायचो. आता म्हणत नाही. फक्त ते कारण आहे हे उघड बोलून घ्यावं, नाहीतर माणूस त्याला वॅट आणि ओहमचे कपडे चढवत बसतो.

मग व्हॉल्व्हमध्ये काय? माझ्याकडं बंगळूरच्या भारत इलेक्ट्रॉनिक्सचे जुने ईएल ८४ व्हॉल्व्ह जपून ठेवलेले आहेत. त्यावर पुशपुल, म्हणजे व्हॉल्व्ह जोडीनं काम करणारा अ‍ॅम्प बांधून द्यायची माझी फार इच्छा होती, चॅनेलला १२ वॅटच्या आसपास. बाजारातले दोन तयार अ‍ॅम्प पुण्यातल्या एका विक्रेत्याकडं होते: एक केटी ८८चा, भरपूर ताकदीचा, पण ठरावीक काळानं स्क्रू ड्रायव्हर आणि मीटर घेऊन बायस, म्हणजे व्हॉल्व्हमधून वाहणारा करंट, जुळवावा लागणारा, दुसरा ईएल ३४चा, ३० वॅटचा, कॅथोड बायसवर चालणारा, म्हणजे व्हॉल्व्ह आपला करंट आपणच सांभाळून घेतो. दुसरा वापरलेला होता, त्यामुळं स्वस्तही.

निर्णय कुठं आणि कसा झाला

पहिली गोष्ट, हूं बाजूला काढलं. नवा डबा आल्यावर "काय स्वच्छ वाजतंय" असं वाटलं असतं, आणि त्यातलं निम्मं श्रेय अर्थिंगला जायला हवं होतं. म्हणून आधी इलेक्ट्रिशियन बोलावून अंगणात खड्डा घेतला, पत्रा, कोळसा, मीठ घालून रीतसर अर्थिंग केलं. व्हॉल्व्हच्या अ‍ॅम्पमध्ये आत चारशे व्होल्टच्या वर डीसी असतो, तिथं कापलेल्या पिनेचा खेळ चालत नाही. न्यूट्रल-अर्थचे ११ व्होल्ट दीडवर आले. डबे एका बोर्डावर आणले, खरखर गेली. उरलं फक्त डाव्या बाजूचं बारीक हूं. पंधरा दिवस तसंच ऐका म्हटलं. अण्णांनी चारदा लावलं आणि सोडून दिलं. तेव्हा मला पटलं, दुरुस्तीनं हा माणूस परत ऐकायला बसणार नाही.

दुसरी, ताकद मोजली. "१५० वॅटवरून ३० वर? निम्म्याच्याही निम्मं होणार की आवाजाचं!" ही भीती सगळ्यांनाच असते. स्पीकरही चालवायला जरा जड होते. कागदावर संवेदनशीलता (ठरावीक विजेला किती आवाज) ८६ डेसिबल लिहिलेली, पण ती २.८३ व्होल्टला, चार ओहममध्ये तेवढे व्होल्ट म्हणजे दोन वॅट, म्हणजे एका वॅटला खरे ८३च. वाद घालण्यापेक्षा स्पीकरच्या टोकांना ऑसिलोस्कोप, व्होल्ट पडद्यावर दाखवणारं यंत्र, लावला आणि अण्णांना म्हटलं, तुमच्या आवडीचं, तुमच्या आवाजात लावा. ख्याल चालू असताना पट्टा बहुतेक दोन-तीन व्होल्टांत खेळत होता. द्रुतात डग्ग्याचा ठोका पडला की उडी मारून ११ व्होल्टांवर. चार ओहमच्या स्पीकरला ३० वॅटचा अ‍ॅम्प साडेपंधरा व्होल्टांपर्यंत उडीचं टोक न कापता देतो. १२ वॅटचा द्यायचा पावणेदहा. माझे लाडके ईएल ८४ तिथल्या तिथं बाद. वाईट वाटलं, पण डग्गा खोटं बोलत नाही.

तिसरी, केटी ८८ की ईएल ३४. काकूंनी निकाल लावला. "स्क्रू ड्रायव्हर यांच्या हातात देऊ नका. मागच्या वेळी मिक्सर उघडला होता." कॅथोड बायसवर शिक्कामोर्तब झालं.

एक निर्णय मात्र निर्णय न घेताच होऊन गेला. अ‍ॅम्पचा व्यवहार ठरला त्याच आठवड्यात इचलकरंजीचा एक गिऱ्हाईक जुनं सामान बघून गेला आणि रोख पैसे टेबलावर ठेवले. प्रीअ‍ॅम्प आणि पॉवर अ‍ॅम्प दोन्ही गेले, हूंसकट. मी त्या दिवशी गावात नव्हतो, पण असतो तरी अडवलं असतं याची खात्री नाही.

काम आणि त्यातले खड्डे

अ‍ॅम्प आला. वजन बावीस किलो, दोघांनी जिन्यावरून वर नेला. विक्रेत्याच्या माणसानं स्पीकर जोडले, चालू करून दाखवला आणि गेला. अर्ध्या तासानं अण्णांचा फोन: "गळा झकास. डग्गा मात्र ढोलकाच्या पोटात शिरलाय."

जाऊन बघितलं, स्पीकर ८ ओहमच्या टोकांना जोडलेले. व्हॉल्व्हच्या अ‍ॅम्पला आऊटपुट ट्रान्सफॉर्मर असतो आणि त्याला ४ व ८ ओहमची वेगळी टोकं असतात. ट्रान्झिस्टरच्या डब्यावर हा प्रश्नच येत नाही, म्हणून सवय नसते. मोजलं, तर ८च्या टोकांवर अ‍ॅम्पचा स्वतःचा आऊटपुट इम्पीडन्स (विजेला होणारा अडथळा) तीन ओहमच्या घरात, ४वर साधारण दीड. या स्पीकरचा इम्पीडन्स जागोजागी ३.२ ते १४ ओहम असा वरखाली होतो. हिशेब केला तर ८वर आवाजात चार डेसिबलपर्यंत चढउतार पडतो, ४वर अडीच. डग्ग्याच्या भागात इम्पीडन्सचा उंचवटा आहे, म्हणून तो फुगला. वायर बदलल्यावर डग्गा जागेवर आला. गळ्याच्या वरच्या भागातही एक उंचवटा आहे. तो अडीच डेसिबलांतला वाटा राहिला, आणि अण्णा ज्याला "बाई समोर येऊन बसल्या" म्हणतात त्यातलं बरंचसं तेच आहे असं माझं मत. हे मी त्यांना एकदाच सांगितलं. परत सांगायचं नाही ठरवलंय.

दुसरा खड्डा जास्त लाजिरवाणा. टर्नटेबल कुठं जोडायचं? अण्णांनी ऑक्सला जोडलं, तर मन्सूर डासासारखे गुणगुणायला लागले. जुन्या प्रीअ‍ॅम्पच्या पोटात फोनो स्टेज होती, नव्या डब्यात नव्हती. सुईतून येणारा सिग्नल पाचेक मिलीव्होल्ट, सीडी प्लेयरचा दोन व्होल्ट. शिवाय तबकडीवर खर्ज दाबून आणि वरचे सूर चढवून कोरलेले असतात. ते परत सरळ करणारं सर्किटच नाही तर चिरका आवाजच येणार. विक्रेता म्हणाला होता, "यात सगळं आहे." मी यादी करून विचारलं नाही. तबकड्या दोन महिने मुक्या राहिल्या. शेवटी वेगळी फोनो स्टेज घेतली. एका डब्याच्या हट्टात पुन्हा एक डबा वाढला.

तिसरा खड्डा विजेचा, आणि तोच खरा धोक्याचा. अ‍ॅम्पच्या पाठीवर २२० व्होल्ट लिहिलेलं. दिवसा भिंतीवर २२५ मिळायचे, कुणालाच काही जाणवलं नाही. आठवडाभरानं रात्री दहानंतर सहज मीटर लावला, तर २४६. अण्णा ऐकायला बसतात ते नेमके रात्रीच. व्हॉल्व्हच्या फिलामेंटला, आतल्या तापणाऱ्या तारेला, ६.३ व्होल्ट हवेत. मोजले तर सातच्या पुढं. दहा टक्क्यांहून जास्त. असं चाललं तर चार-पाच हजार तासांचा व्हॉल्व्ह लवकर संपतो.

स्टॅबिलायझर बघितला. रिलेचा कटकट करतो आणि प्रत्येक कटकटीला धक्का देतो. शांत खोलीत नको वाटला. शेवटी उद्यमनगरातल्या वायंडिंगवाल्याकडं गेलो आणि साधा ट्रान्सफॉर्मर गुंडाळून घेतला, १५ व्होल्टांचा, उलटा सीरिजमध्ये टाकायला, म्हणजे येणाऱ्या विजेतून तेवढे वजा होतात. त्यानं विचारलं, "पंचवीसच टाक की, एकदम दोनशेवीस येतील." रात्रीपुरतं बरोबर. पण मग दिवसा दोनशेला पोचलो असतो आणि फिलामेंट उपाशी. पंधरावर रात्री २३० आणि दिवसा २१०, फिलामेंट दोन्हीकडं पाच टक्क्यांच्या आत. घरातल्या इन्व्हर्टरच्या लायनीवरून हा प्लग मुद्दाम बाहेर ठेवला. तो जुना चौकोनी लहरीचा आहे, त्यावर या अ‍ॅम्पचा ट्रान्सफॉर्मर गुरगुरतो.

पावसाळा

कोल्हापूरचा जुलै सगळ्या यंत्रांची परीक्षा घेतो. उजव्या बाजूनं चटचट आवाज सुरू झाला. व्हॉल्व्ह गेला असं वाटून अण्णा हवालदिल. डाव्या-उजव्यांची अदलाबदल केली, आवाज जागच्या जागीच राहिला, म्हणजे व्हॉल्व्ह ठीक, सॉकेट दोषी. दमट हवेनं पिनांच्या जागी काळपट थर आलेला. अ‍ॅम्प बंद करून, आतले कपॅसिटर रिकामे झाल्याची मीटरनं खात्री करून सॉकेट साफ केली.

दुसरी भानगड पावसाळी किड्यांची. उजेड आणि ऊब बघून ते यायचे, त्यांच्या मागं पाल. जाळी काढून ठेवायची अण्णांची हौस होती, काचा दिसाव्यात म्हणून. एका संध्याकाळी पाल मांडणीवरून अ‍ॅम्पकडं सरकताना दिसली आणि त्याच रात्री जाळी परत बसली. नातही आता रांगायची थांबून चालायला लागलीय. त्या काचेला हात लागला तर चांगलाच भाजेल. जाळीचा प्रश्न तिथंच मिटला.

काय निष्पन्न झालं

मांडणीवर आता अ‍ॅम्प, सीडी प्लेयर, डॅक आणि फोनो स्टेज. पाचाचे चार झाले, एक नव्हे. पण अ‍ॅम्पचं बटण एकच, पुढच्या बाजूला, कमरेच्या उंचीवर. अण्णा रोज रात्री दीड-दोन तास ऐकतात. अ‍ॅम्प नुसता चालू असला तरी १८० वॅट ओढतो. रोजचे तीन तास धरले तर महिन्याला सोळा युनिट. एप्रिलात ती खोली तापते, तेव्हा गच्चीचं दार उघडं ठेवतात. स्पीकरला कान चिकटवला तर या अ‍ॅम्पमध्येही हलकं हूं आहे. खुर्चीत बसल्यावर नाही. पंचम जागेवर आहे, असा दाखला अण्णांनी स्वतः दिला.

अ‍ॅम्पवर काकूंच्या अक्षरात चिठ्ठी चिकटवलीय: "स्पीकरच्या वायरी काढल्या असतील तर चालू करू नये." दिवाळीच्या साफसफाईत वायरी निघतात, आणि स्पीकर न जोडता गाणं लावलं तर आऊटपुट ट्रान्सफॉर्मर जळू शकतो. मी तोंडी सांगितलं होतं. चिठ्ठी त्यांची कल्पना.

वेगळं काय करता आलं असतं

भिंतीवरचे व्होल्ट आधी मोजायला हवे होते, तेही रात्री. मी स्पीकर मोजले, अर्थिंग मोजलं, आणि ज्या वेळी अ‍ॅम्प चालणार त्या वेळची वीज मात्र अ‍ॅम्प आल्यावर बघितली. व्यवहाराआधी कळलं असतं तर २३० किंवा २४० व्होल्टांचं टोक असलेला अ‍ॅम्प मागता आला असता.

टर्नटेबलाबद्दल काही स्पष्टीकरण नाही. खोलीत समोर होतं.

जुनं सामान महिनाभर थांबून विकायचं होतं. तबकड्या तरी बंद पडल्या नसत्या. ट्रान्झिस्टरचा इंटिग्रेटेड घरी आणून आठवडाभर ऐकवला नाही, हेही मला खटकतं. अण्णांनी बहुधा तोच निर्णय घेतला असता, पण तुलना करून घेतला असता.

कपॅसिटरचं काय झालं, तेही सांगतो. चार महिन्यांनी इचलकरंजीचा तो गिऱ्हाईक पॉवर अ‍ॅम्प घेऊन माझ्याकडंच आला. डावीकडून हूं येतंय म्हणाला. कपॅसिटर बदलले, प्लगला नवी पिन बसवली, सहा हजार आठशे झाले. हूं साफ गेलं. तो अ‍ॅम्प आता आहे त्यापेक्षा चांगला कधी वाजलाच नव्हता. अण्णांपासून लपवायचं कशाला म्हणून सांगून टाकलं. ते थोडा वेळ काहीच बोलले नाहीत. मग म्हणाले, "बरं झालं. त्याचा तरी पंचम उतरला."